जरा धरणापर्यंत जाऊन येते

नाशिकात डिसेंबरच्या पहाटे साडेचारला जागं असणाऱ्या माणसाकडे सांगण्यासारखं कारण असतं. दूधवाल्याला रतीब घालायचा असतो. निफाडकडच्या बागायतदाराला द्राक्षांत शेकोट्या पेटवायच्या असतात, कारण पारा पाच-सहावर उतरला आणि मणी तडकले की वर्षाची मेहनत मातीत. गेल्या हिवाळ्यात मीही त्याच वेळी जागी असायचे, पण सोसायटीच्या वॉचमनने विचारलं, "मॅडम, एवढ्या पहाटे?" की मला धड उत्तर देता यायचं नाही. "टोकियोला पळायचंय, त्याची तयारी चाललीय" हे वाक्य अंधारात, कानटोपी घालून, पार्किंगमध्ये एका पायावर उभं राहून म्हणून बघा. मी म्हणायचे, "जरा धरणापर्यंत जाऊन येते."

हे त्याला पटायचं. गंगापूर धरण आमच्या घरापासून 14 किलोमीटरवर आहे, हा तपशील त्याने कधी मनावर घेतला नाही.

टोकियोचं खापर लॉटरीवर फोडायला हवं. त्या मॅरेथॉनला जागा 38 हजारांच्या आसपास आणि अर्ज लाखांनी, म्हणून चिठ्ठ्या टाकतात. आमच्या ग्रुपमधल्या अकरा जणांनी अर्ज भरले. त्यातल्या दहा जणांना खरोखर जायचं होतं; त्यांना दिलगिरीची ईमेल आली. मी सोबत म्हणून भरला होता. आयुष्यात मला लागलेली ही दुसरी सोडत. पहिली शाळेत असताना गणपतीत लागली होती, त्यात स्टीलची बरणी मिळाली. ती अजून आहे, तिच्यात डाळं असतं.

घरात बातमी सांगितली तेव्हा नवऱ्याने पहिल्यांदा विमानाचं तिकीट बघितलं आणि मग माझ्याकडे. सासूबाईंनी मुद्द्याला हात घातला. "किती पळायचं असतं?"

"42 किलोमीटर आणि 195 मीटर."

"वरचे 195 कशाला?"

हा प्रश्न मॅरेथॉन पळणारा प्रत्येक माणूस विचारतो, पण शेवटच्या त्या 195 मीटरांत, आणि बऱ्याचदा शिवी घालून. त्याचं उत्तर असं की 1908 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू झाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या कक्षासमोर संपली. ते अंतर भरलं 26 मैल 385 यार्ड. पुढे 1921 मध्ये तेच कायमचं ठरलं. म्हणजे राणीसरकारांना बसल्या जागेवरून नीट दिसावं म्हणून नाशिकच्या एका बँकेतल्या बाईने शंभर वर्षांनी पाय ओढायचे.

"आणि वेळ किती देतात?"

"सात तास."

"तेवढ्यात माणूस मुंबईला जाऊन परत येतो," सासूबाई म्हणाल्या, आणि वाटाणे सोलायला लागल्या.

मग मी त्यांना कानाकुरींची गोष्ट सांगितली. शिझो कानाकुरी म्हणजे जपानमध्ये मॅरेथॉनचे जनक मानले जातात ते. 1912 साली स्टॉकहोम ऑलिंपिकला गेले, बोटीने आणि सैबेरियातून रेल्वेने, अठरा दिवसांचा प्रवास करून. शर्यतीच्या दिवशी भयंकर ऊन. निम्म्या वाटेवर त्यांना असह्य झालं. तिथे कोणाच्या तरी बागेत पार्टी चालली होती. हे आत शिरले, सरबत प्यायले, आणि संयोजकांना न सांगता तसेच मायदेशी परतले. स्वीडनच्या दफ्तरात ते बरीच वर्षं बेपत्ता धावपटू होते. शेवटी 1967 मध्ये त्यांना सन्मानाने बोलावून घेतलं आणि 75 वर्षांच्या कानाकुरींनी राहिलेली शर्यत पुरी केली. अधिकृत वेळ लागली 54 वर्षं, 8 महिने, 6 दिवस, 5 तास, 32 मिनिटं आणि 20.3 सेकंद. प्रवास लांबचा होता, वाटेत लग्न झालं, सहा मुलं आणि दहा नातवंडं झाली, असं ते नंतर म्हणाले.

"बघ," सासूबाई नवऱ्याला म्हणाल्या, "आणि तू पेट्रोल भरायला थांबलो तरी चिडतोस."

कोचने सोळा आठवड्यांचा तक्ता पाठवला. हा कोच 29 वर्षांचा आहे, अंगावर चरबी नाही आणि बोलण्यात भीड नाही. मला ताई म्हणतो आणि मग ताईला उन्हातान्हात पळवतो. तक्त्यातली भाषा घरात कुणाला कळेना. मंगळवारी 'टेम्पो' लिहिलेलं पाहून सासूबाई काळजीत पडल्या. "टेम्पोशी कशाला शर्यत लावायची? मालाने भरलेले असतात, ब्रेक लागतात न लागतात." गुरुवारी 'फार्टलेक' असायचं. हा स्वीडिश शब्द. मनात येईल तेव्हा जोरात पळायचं, मनात येईल तेव्हा हळू, असं कोचने समजावलं. मी म्हटलं, हे तर मी बँकेत रोज करते. आणि रविवारी 'लॉन्ग रन', म्हणजे गोल्फ क्लब मैदानावरून निघायचं, गंगापूर रोड, आनंदवली, सोमेश्वर करत धरण गाठायचं आणि परत यायचं. (त्या मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. नाशिककर हुतात्म्याला मानतात, पण रिक्षावाल्याला गोल्फ क्लबच सांगतात.)

नाशिकमध्ये पळणाऱ्या बाईची आणखी एक पंचाईत असते. आमच्या जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10 हजार मीटरला ब्राँझ घेऊन आली, 'सावरपाडा एक्सप्रेस' म्हणून गाजली. तेव्हापासून बूट घातलेली कुठलीही बाई दिसली की लोक त्या नजरेने बघतात. आनंदवलीच्या टपरीवरचा चहावाला पहिल्या आठवड्यात मला हात दाखवून "चला ताई, चला!" असं ओरडायचा. तिसऱ्या आठवड्यापर्यंत मी भुसावळ पॅसेंजर आहे, सगळ्या स्टेशनांवर थांबते, हे त्याच्या लक्षात आलं आणि मी दिसले की तो गाळणी हातात घ्यायला लागला.

पळण्याचं एक वेळ जमतं. पण मॅरेथॉनचे हे तक्ते लिहिणाऱ्यांच्या देशात हिवाळा म्हणजे काय असतो कोण जाणे. आपल्याकडे तो खाण्यासाठी असतो. देवाने थंडी निर्माण केली ती डिंकाचे लाडू पचावेत म्हणून. नोव्हेंबरच्या अखेरीस सासूबाईंनी डिंक तळला, खारीक कुटली, आणि एक लाडू माझ्या हातावर ठेवला. तो वजनाला साधारण क्रिकेटच्या चेंडूएवढा होता. "खा. सांधे धरतील." कोचचं म्हणणं, ताई, तळलेलं बंद. मी दोघांचंही ऐकलं. लाडू खाल्ला आणि कोचला सांगितला नाही.

खरा सामना झाला जेलवरून. लांब पळताना शरीरातली साठवलेली साखर तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येते आणि माणूस भिंतीवर आपटल्यासारखा थांबतो. म्हणून वाटेत दर पाऊण तासाने एक जेल चोखायचं. बोटाएवढी पुडी, आत पंचवीसेक ग्रॅम गोड चिकट लगदा, किंमत दीडशे रुपये. मी डझनभर मागवली. सासूबाईंनी एक पुडी कात्रीने कापली, वाटीत काढली, दोन बोटांत धरून तार बघितली आणि जिभेवर ठेवली.

"पाक आहे," त्या म्हणाल्या. "पण बिघडलाय."

त्यांनी वेलची घालून सुधारायची तयारी दाखवली. त्यानंतर रविवारी माझ्या कमरेच्या पट्ट्यात दोन जेल आणि खजुराच्या चार वड्या असत. वडी पळताना चावायची म्हणजे श्वास कुठून घ्यायचा हा प्रश्न येतो, आणि सोमेश्वरच्या चढावर एकदा मी वडी आणि हवा एकदमच आत घेतली, तेव्हा मागून येणाऱ्या सायकलवाल्याने उतरून पाठीत दोन धपके घातले. तरी सांगते, वडी सरस होती.

शिवाय रविवारी पळून झाल्यावर ग्रुप मिसळ खातो. नाशिकमध्ये हे टाळणं म्हणजे देवळात जाऊन पाठ फिरवण्यासारखं. घड्याळ सांगायचं, आज इतक्या कॅलरी जाळल्या. मग तर्री यायची, पापड यायचा, वर जिलबी यायची, आणि जाळलेलं सगळं पुन्हा उभं राहायचं. जानेवारीच्या मध्यावर मी वजन केलं. 500 किलोमीटर पळून मी दीड किलो वाढले होते. कोच म्हणाला, स्नायू असतील. फार गुणी मुलगा आहे.

संक्रांत उजाडली आणि तक्त्याचं आणि पंचांगाचं उघड भांडण लागलं. त्या रविवारी सकाळी 26 किलोमीटर होते आणि संध्याकाळी पंचवटीत आत्येसासूबाईंकडे हळदीकुंकू. वाडा जुना, जिना लाकडी, उंच आणि अंधारा. मी काळी साडी नेसून दोरीला धरून वर पोचले ते निव्वळ इज्जतीपायी. आत्येसासूबाई 86 वर्षांच्या, पाटावर बसलेल्या. वीसेक बायका. मी वाकले, पायांवर डोकं ठेवलं, आणि उजव्या पोटरीत गोळा आला.

ज्याला हा गोळा आलाय त्यालाच ठाऊक. पोटरीत कोणीतरी ओला टॉवेल पिळत असतं. वर जावं तर ओढ लागते, खाली बसावं तर साडी अडकते. म्हणून मी होते तशीच राहिले.

"अखंड सौभाग्यवती भव," आत्येसासूबाई म्हणाल्या.

मी तिथेच.

"सुखी राहा हो."

मी तिथेच. त्यांना वाटलं आशीर्वाद कमी पडला. "अष्टपुत्रा भव," त्या जरा मोठ्याने म्हणाल्या. माझं वय 48, मुलगी इंजिनिअरिंगला. तरी मी उठेना म्हटल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, खाली वाकल्या आणि कानाशी येऊन विचारलं, "काही अडचण आहे का गं घरात? निःसंकोच सांग."

शेवटी दोघीजणींनी काखेत हात घालून मला उभं केलं. काय झालं ते कुणालाच कळलं नाही, त्यामुळे जो निष्कर्ष निघाला तो माझ्या फायद्याचा होता. "किती भावाने नमस्कार करते हो तुमची सून, हल्ली कोण करतं?" असं तिघींनी सासूबाईंना सांगितलं. परतताना जिना मी उलटा उतरले, तोंड वर करून. तेही त्यांना वडीलधाऱ्यांना पाठ न दाखवण्यासारखं वाटलं असावं. रिक्षात सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पुढच्या रविवारी किती आहे?"

"28."

"मग त्या दिवशी कुणाकडे जाऊ नकोस."

पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या त्र्यंबकेश्वरला निघतात. सिन्नर, संगमनेर, पार लांबलांबून माणसं थंडीत चालत येतात. धरणाच्या रस्त्याचं काम निघालं होतं म्हणून कोचने तो रविवार त्र्यंबक रोडवर टाकला, आणि सातपूर ओलांडल्यावर मी एका दिंडीत शिरले. शिरले म्हणजे गाठली, आणि मग पुढे जाता येईना. माझा प्लॅन नऊ मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं. त्या एका मिनिटात दिंडी मला मागे टाकायची, मग मी नऊ मिनिटांत कशीबशी पुढे सरकायचे. असं तीनदा झाल्यावर टाळकऱ्यांनी माझी दखल घेतली आणि मी जवळ आले की ते बाजूला सरून वाट द्यायला लागले, ॲम्ब्युलन्सला देतात तशी.

महिरावणीला मी थांबले. डोक्यावर तुळस घेतलेली एक आजी शेजारी थांबली. सत्तरीच्या पुढची, पायात प्लास्टिकची चप्पल, तिला सुतळीचा बंद.

"कुठून निघाली गं माय?"

"गोल्फ क्लबवरून."

"अन् कुठवर?"

"इथपर्यंतच. आता परत."

तिने आजूबाजूला पाहिलं. एक पंक्चरचं दुकान होतं, बंद. "इथं काय हाय?"

"13 किलोमीटर," मी म्हटलं. घड्याळात 13 नव्हे तर 14 होणं मला आवश्यक होतं, म्हणून मी दुकानाला वळसे घालत तिच्याशी बोलत होते, हे आता लिहिताना लाज वाटते.

"दर्शन न घेता माघारी?"

मी बटण दाबून घड्याळ थांबवलं, म्हटलं नीट सांगावं हिला. तेवढ्यात तिनेच विचारलं, "ते काय दाबलंस?"

"घड्याळ थांबवलं, आजी."

"थांबतं व्हय?" ती म्हणाली. मग पिशवीतून एक शेंगदाण्याचा लाडू काढून तिने माझ्या हातावर ठेवला आणि दिंडी गाठायला झपाझप निघून गेली. परतीच्या वाटेवर पहिले दोन किलोमीटर मला घड्याळ सुरू करायची आठवणच झाली नाही. कोचच्या हिशेबात तेवढं अंतर मी पळालेच नाही.

फेब्रुवारीत डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडून गळालं, ते मी जपून ठेवलं नाही एवढंच सांगते. ग्रुपमध्ये एकीने ठेवलंय. मग आलं 'टेपर'. शेवटचे तीन आठवडे पळणं कमी करत न्यायचं, शरीराला विसावा द्यायचा. घरच्यांना वाटलं, आता बाई घरात आली. पण चार महिने पहाटे पळवलेल्या माणसाला एकदम घरात बसवलं की तो बसत नाही. मी माळा आवरला, गॅसची शेगडी खोलून धुतली, नवऱ्याच्या फायली तारखेनुसार लावल्या. गुडघा दुखतोय असं दिवसातून पाचदा वाटायचं, तोही प्रत्येक वेळी वेगळा. नवऱ्याने कोचला स्वतः फोन करून विचारलं, हिला थोडं पळवता येईल का.

आणि कपड्यांचा विषय निघाला. मार्चच्या पहिल्या रविवारी टोकियोत सकाळी चांगलीच थंडी असते, शर्यत 9 वाजून 10 मिनिटांनी सुटते आणि त्याआधी तासभर उघड्यावर रांगेत उभं राहायचं असतं. म्हणून, कोच म्हणाला, जुना गरम कपडा घालून जा, ताई, आणि सुटायच्या वेळी काढून टाकून द्या. तिथे पेट्या असतात.

"टाकून?" सासूबाईंनी विचारलं.

"टाकून."

आमच्या घरात टाकून द्यायचा कपडा नसतो, हे मला त्या दिवशी कळलं. नवऱ्याचं जुनं जाकीट गाडी पुसायला राखून ठेवलेलं. त्याच्या आधीचं जाकीट ते जाकीट फाटलं तर म्हणून. मुलीच्या स्वेटशर्टवर बारावीच्या मैत्रिणींच्या सह्या. बाकी एक गाठोडं बोहारणीसाठी बांधलेलं, आणि तिच्याशी स्टीलच्या पातेल्याची बोलणी दोन महिने चाललेली. त्यातला एक कपडा काढला तर पातेल्याचं झाकण जाणार. तीन दिवसांनी सासूबाईंनी कपाटातून मरून रंगाचा स्वेटर काढला. लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या थंडीत त्यांनी विणलेला. बाह्या ताणून गुडघ्याला टेकायला आलेल्या, कोपरावर वेगळ्या लोकरीचं ठिगळ. सबंध हिवाळा पहाटे मी तोच घालून बाहेर पडत होते, सोमेश्वरला घाम आला की कमरेला बांधत होते.

"हा टाक," त्या म्हणाल्या. "जुनाच आहे." आणि स्वयंपाकघरात गेल्या. त्या दिवशी भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा जरा मोठा होता.

शिंजुकूत महापालिकेच्या जुळ्या मनोऱ्यांखाली मी ती पेटी पाहिली. स्वच्छ, रिकामी पेटी आणि शेजारी हातमोजे घातलेला स्वयंसेवक. लोक येत होते, अंगातलं काढत होते, घडी घालून आत ठेवत होते. जपानी माणूस टाकलेल्या कपड्याचीही घडी घालतो. मी स्वेटर काढला. घडी घातली. स्वयंसेवकाने वाकून अभिवादन केलं, मीही वाकले. संक्रांतीपासून वाकताना पोटरीवर लक्ष ठेवायची सवय लागलीय. पेटीवर हात नेला आणि डोळ्यांसमोर पातेलं आलं, झाकणासकट. स्वेटर कमरेला बांधला आणि रांगेत परत गेले.

शर्यतीचं फारसं सांगण्यासारखं नाही. रस्त्यावर कागदाचा कपटा नाही, जेलची रिकामी पुडी घ्यायलाही माणूस पिशवी उघडून उभा. असाकुसाला मोठ्या लाल कंदिलाच्या देवळाच्या दारात रस्ता वळतो, तिथे मी मान वळवून लांबूनच हात जोडले आणि महिरावणीची आजी आठवली. पुन्हा दर्शन न घेता माघारी. तिसाव्या किलोमीटरनंतर भिंत आली. खजुराची वडी खाल्ली. पस्तिसाव्याला ओल्या स्वेटरच्या बाह्या गुडघ्यांवर आपटायला लागल्या, पण तेव्हा कानाकुरींच्या मानाने मी अजून बऱ्या वेळेत होते. टोकियो स्टेशनसमोर शर्यत संपली तेव्हा घड्याळात 5 तास 51 मिनिटं झाली होती. ते मी कुठेही थांबवलं नव्हतं.

रात्री घरी फोन लावला. नवरा भारावून काहीबाही बोलत होता, मुलगी मेडलचा फोटो मागत होती. मग सासूबाईंनी फोन घेतला.

"पोचलीस ना शेवटपर्यंत?"

"पोचले."

"पाय?"

"आहेत."

थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मागे कुकरची शिट्टी झाली.

"आणि तो... टाकलास?"

"नाही. कमरेला बांधून पळाले."

"सगळं?"

"सगळं. वरचे 195 सुद्धा."

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या. "बुधवारी बोहारीण येणारे. तोवर पोचशील ना?"